कुंडीतील शैलोद्यान

कुंडीतील शैलोद्यान : दगड, खडी आणि ठेंगण्या वनस्पती यांची पसरट कुंडीत किंवा डोणीत केलेली लहान आकाराची बाग. जागा थोडी लागत असल्याने ती सज्जात किंवा गच्चीवरही करता येते. बोन्सायमध्ये झाड छाटून, तारेने वळवून खुजे राखतात. येथे मात्र मुळातच बुटक्या, उशीसारख्या दाट वाढणाऱ्या किंवा पसरणाऱ्या जाती निवडतात.

या प्रकाराच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. चीनमध्ये राजपुत्र ली श्यान याच्या थडग्यातील भित्तिचित्रांत (इ. स. ७०६ च्या सुमारास) सेवकाच्या हाती दगड व रोपे मांडलेले तबक दिसते. त्यावरून तबकात दगड व रोपे मांडून निसर्गदृश्य साकारण्याच्या चिनी पेनजिंग कलेकडे मूळ म्हणून बोट दाखविले जाते. परंतु पेनजिंगमध्ये भर आहे तो निसर्गदृश्याच्या प्रतिमेवर. कड्यावरच्या वनस्पतीला तिच्या सवयीची मुळांची परिस्थिती मिळवून देणे हा हेतू तेथे प्रधान नाही. त्यामुळे थेट वारसा सांगण्यापेक्षा हे दोन स्वतंत्र प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या पद्धतीचा निकटचा पूर्वज इंग्लंडमधील आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान क्लॅरेन्स एलियट या रोपवाटिकाकाराने गुरांना पाणी पाजण्याच्या जुन्या दगडी डोणींत उच्चपर्वतीय वनस्पती लावण्याची प्रथा लोकप्रिय केली. अल्पाइन गार्डन सोसायटीची स्थापनाही याच काळात, १९२९ मध्ये झाली. पुढे जुन्या डोणी दुर्मिळ व महाग झाल्या, तेव्हा सिमेंट, वाळू आणि पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेले वनस्पतींचे अवशेष) यांचे मिश्रण (आकारमानाने साधारण १:१:२) साच्यात घालून ‘हायपरटुफा’च्या डोणी करू लागले. सिमेंटमधील अल्कता कमी होण्यासाठी अशी डोण लागवडीपूर्वी काही आठवडे मुरवून पाण्याने वारंवार धुतात.

शैलोद्यानाचे यश दगडांच्या देखणेपणापेक्षा पाण्याच्या निचऱ्यावर अवलंबून असते. तळाशी खडीचा थर दिल्यास निचरा सुधारतो, ही समजूत सर्वत्र आढळते. मृदाभौतिकीचा आधार मात्र तिला मिळत नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी केशाकर्षणाने (बारीक पोकळ्यांच्या ओढीने) धरलेले असते आणि वरची माती जवळजवळ संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली, होईपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. परिणामी संपृक्त थर नाहीसा होत नाही, फक्त वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. एकाच मिश्रणात या थराची जाडी कुंडीच्या खोलीनुसार फारशी बदलत नाही; म्हणून उथळ कुंडीचा मोठा भाग ओला राहतो. यावर उपाय म्हणजे संपूर्ण मिश्रणच भरड करणे. निम्मी किंवा त्याहून अधिक बारीक खडी आणि बाकी माती व कुजलेला पालापाचोळा हे प्रमाण बहुतेकांना मानवते. तळाच्या छिद्रांवर जाळी पुरते. कुंडी पायांवर उचलून ठेवावी. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

दगडाचा निम्म्याच्या आसपास भाग मातीत गाडतात आणि सर्व दगडांचे थर एकाच दिशेने कललेले ठेवतात, म्हणजे ते एकाच खडकाचे भाग वाटतात. चपटे दगड उभे, एकमेकांलगत रोवून फटी ठेवण्याची पद्धत विशेषतः चेक बागकामगारांनी विकसित केली. फटीत लावायचे रोप कोवळे घ्यावे. मुळांची माती झटकून ती चपटी पसरावी, दगडाच्या कडेला टेकवावी आणि दुसरा दगड सरकवून मध्ये भरड मिश्रण काडीने ठासावे. रोपाचा मानेचा भाग (खोड व मूळ जुळतात ती जागा) खडीच्या पातळीवर, कोरडा राहिला पाहिजे. कुजण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. वरून २-३ सेंमी. खडी पसरतात.

थंड हवामानात सॅक्सिफ्रागा, सेंपरव्हायव्हम, ड्राबा, अँड्रोसेसी या प्रजाती रूढ आहेत. उष्ण प्रदेशात त्यांचा हट्ट धरू नये. सेडम, हॉवर्थिया, एचेव्हेरिया यांच्या लहान जाती बऱ्या. चुनखडकाजवळ अम्लप्रिय वनस्पती टिकत नाहीत.

सज्जात वजनाचा विचार अटळ ठरतो. ६० × ४० × १५ सेंमी. आतल्या मापाच्या डोणीत ३६ लि. मिश्रण मावते; ओले झाल्यावर त्याचेच वजन ६० किग्रॅ.च्या घरात जाते, डोण व दगड वेगळे. झुलत्या सज्जात (केवळ भिंतीकडच्या बाजूने आधार असलेल्या) असा भार कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवावा, कारण आधारापासूनचे अंतर वाढते तसा स्लॅबवरील ताण वाढतो. प्यूमिससारखा सच्छिद्र दगड वापरल्यास वजन बरेच घटते.