कूलंटवाली जेट स्की आणि समुद्राचं पाणी घेणारी जेट स्की

मोटरसायकल घरी उघडायची सवय असलेल्या माणसाला जेट स्कीचं ऑइल, ऑइल फिल्टर आणि प्लग बदलणं अवघड नाही. पुस्तिका हाताशी असली की झालं. घोळ होतो तो इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत. ही व्यवस्था दोन प्रकारची असते: खुली, म्हणजे बाहेरचं पाणीच इंजिनात फिरवणारी, आणि बंद, म्हणजे कूलंट हे थंड करणारं द्रव आतल्या आत फिरवणारी. बाहेरून दोन्ही मशिनं सारखीच दिसतात आणि एकीची रीत दुसरीला लावली की खर्च निघतो. मालवणकडे कुणी सी-डू कंपनीची कूलंटवाली जेट स्की घेतली की हमखास कानावर येतं, "ह्येका कूलंट आसा मां, मगे पाणी कित्याक व्हया?" विचारणाऱ्याचं तर्कशास्त्र बरोबर आहे, माहिती अर्धी आहे.

यामाहाची वेव्हरनर आणि कावासाकीच्या जेट स्की यांत बाहेरचंच पाणी इंजिनात फिरतं. जेट पंप मागे पाणी फेकतो, त्याच दाबातलं थोडं पाणी एका पाइपातून इंजिनाकडे वळवलेलं असतं. ते ब्लॉक, हेड, एक्झॉस्ट असं फिरून परत समुद्रात पडतं. मासेमारीच्या होडीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड इंजिनालाही बाहेरचंच पाणी लागतं. फरक एवढाच, की आउटबोर्डमध्ये पाणी ओढायला रबरी पंख्याचा वेगळा पंप असतो, इथे तो नाही. म्हणून आउटबोर्डसारखी ही पिंपातल्या गोड्या पाण्यात उभी करून चालवता येत नाही. तिला पाइप जोडायची वेगळी जागा दिलेली असते.

सी-डूच्या चार-स्ट्रोक रोटॅक्स इंजिनात मात्र कूलंट आतल्या आत फिरतं. गाडीत त्याला थंड करायला रेडिएटर असतो, इथे रेडिएटरचं काम मागच्या बाजूला तळाशी बसवलेली धातूची प्लेट करते. मशीन पाण्यात असलं की प्लेटखालून समुद्र वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. म्हणजे ब्लॉकच्या आतल्या वाटांत खारं पाणी जात नाही. ही फार मोठी सोय आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि गरम धातूवर पाणी सुकलं की ते तिथेच बसतं.

पण समुद्राच्या पाण्यापासून बंद आहे ते फक्त इंजिन. एक्झॉस्ट दोन्हीकडे समुद्राच्याच पाण्याने थंड होतो. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) असलेल्या बऱ्याच मॉडेलांत ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरलाही तेच पाणी मिळतं. त्यामुळे कूलंट असो वा नसो, खाऱ्या पाण्यातून वर काढली की गोड्या पाण्याने फ्लश करायचीच, म्हणजे आतून धुऊन काढायची. सी-डूवाल्यांनी हे टाळलं तर ब्लॉक चांगला राहतो आणि एक्झॉस्ट आतून सडतो. तो काही स्वस्त भाग नव्हे.

क्रम दोन्हीत एकच, आणि तो पाठ असावा: आधी इंजिन सुरू, लगेच नळ सुरू. शेवटी आधी नळ बंद, मग दोन-तीनदा थोडी रेस देऊन उरलेलं पाणी बाहेर काढायचं आणि इंजिन बंद. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाण्याला बाहेर ढकलायला धूर नसतो. ते मफलरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरपर्यंत चढू शकतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून त्यानंतर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं काही लिहिलं असेल तर अर्थात तेच खरं.

आता खरा फरक. वेव्हरनरला पाइप लावलात की नळाचं पाणी ब्लॉकमध्येच जातं, त्यामुळे तीनेक मिनिटं चालवणं नेहमीचं आहे. सी-डूला पाइप लावलात तर पाणी एक्झॉस्टकडे जातं, कूलंटची प्लेट मात्र ट्रेलरवर उन्हात कोरडी असते. शिवाय पंपाकडे जाणाऱ्या शाफ्टचं सील पाण्याबाहेर थंडच होत नाही. म्हणून तिथे दोन मिनिटांच्या आत आटपायचं. कूलंटवाली आहे म्हणून अंगणात निवांत चालू ठेवणारे नेमके उलटं करतात.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे पाणी कुठलं. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. चाखून बघा, खारट लागलं तर त्याने फ्लश करण्यात अर्थ नाही. घरावरच्या टाकीचा दाबही तोकडा पडतो. तीन-चार मीटर उंचीवरून पॉइंट तीन-चार बार मिळतो, तेव्हा एखादा छोटा पंप लावलेला बरा.

खुल्या व्यवस्थेचा दुसरा शत्रू वाळू. देवबागच्या संगमासारख्या उथळ पाण्यात किंवा पुळणीलगत मशीन चालवलं की वाळू पंपातून थेट कूलिंगच्या वाटेत शिरते. कूलंटवालीत ती ब्लॉकपर्यंत पोचत नाही. पण कूलंटवाली खाडीत नांगरून ठेवली तर प्लेटवर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसतो आणि कूलंट थंड व्हायचं कमी होतं. इंजिन तापल्याचा अलार्म वाजला की लोक थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारी झडप) उघडतात, आधी खाली वाकून प्लेट बघावी.

कूलंटमध्ये साधं पाणी ओतून भागवणं हाही कोकणी शहाणपणा. इथे बर्फ कुठे पडतो, असं म्हणतात. बर्फाचा प्रश्न नाहीच. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि ॲल्युमिनियमला आतून गंजू देत नाही, ते काम इथेही आहे. भर घालायची तर पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट घालावं. विहिरीचं पाणी तर नकोच.

ऑइलची काठी काढल्यावर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. कूलंटवालीत इथे एक सोय मिळते. टाकीतलं कूलंटही उतरलं असेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधल्या सीलवर. पातळी जागच्या जागी असेल तर पाणी बहुधा बाहेरून, म्हणजे एक्झॉस्टमधून किंवा हवा घेण्याच्या वाटेने आलंय. खुल्या व्यवस्थेत हा पुरावाच नसतो, कारण सगळं पाणी समुद्राचंच. तिथे कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

बाहेरून पाणी येण्याचं एक कारण म्हणजे ओढून आणणं. बंद पडलेली जेट स्की होडीला दोर बांधून भरधाव आणली की समोरून पाणी पंपात शिरतं, कूलिंगच्या पाइपात चढतं, आणि धूर नसल्याने एक्झॉस्टमार्गे इंजिन भरतं. ओढायचं तर अगदी सावकाश, आणि पंपाकडून येणारा पाण्याचा पाइप चिमट्याने आवळून. हे दोन्ही प्रकारांना लागू. किनाऱ्याला लागल्यावर स्टार्टर मारायची घाई नको. प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी आहे का, ऑइल कसं दिसतंय, हे बघितल्यावर चावी.