मळीपासून मद्यार्क : पर्यावरण राखणारी आसवनी

बेळगाव सीमाभागातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक या ऊसपट्ट्यात साखरेनंतर उरणारी मळी आंबवून आसवनीत मद्यार्क काढतात. एक टन सी-हेवी मळीतून (साखर जवळपास पूर्ण काढून झाल्यावर उरलेल्या शेवटच्या मळीतून) साधारण २२० ते २५० लिटर मद्यार्क निघतो. मागे उरतो तो स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी : गडद तपकिरी, आंबट, ४ ते ४.५ सामूचा (पीएच), त्याचा सीओडी (त्यातल्या घाणीला किती प्राणवायू लागेल याचे माप) लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. गावात त्याला मळीचे पाणी म्हणतात. ते कृष्णेत किंवा हिरण्यकेशीत मिसळले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. काळ्या रानात मुरत राहिले तर विहिरींचे पाणी तांबूस होते, जमीन क्षारपड बनते.

हे पाणी कमी करण्याचे खरे काम किण्वन टाकीतच होते. वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या मळीच्या द्रवात, ८ टक्के मद्यार्क असेल, तर मद्यार्काच्या लिटरमागे अकरा-बारा लिटर स्पेंटवॉश उरतो. ११ टक्के साधले, तर आठच. त्यासाठी तापमान ३२ ते ३४ अंशांत राखावे लागते. एप्रिलमध्ये अथणीकडे कूलिंग टॉवरचे पाणीच कोमट येते. वॉश ३६ अंशांवर गेला की यीस्ट मलूल होते, आम्ल करणारे जिवाणू माजतात, फेस बसतो आणि टाकीच्या तोंडाशी व्हिनेगरसारखा वास येतो. अशा वेळी यीस्टचे खाद्य असलेला युरिया वाढवून काही होत नाही. आधी वॉश थंड करणारा प्लेट हीट एक्स्चेंजर उघडून प्लेटांमधला मळीचा गाळ धुवावा. न आंबलेली साखर शेवटी स्पेंटवॉशमध्येच उतरते आणि त्याचा सीओडी वाढवते.

उरलेल्या स्पेंटवॉशला दोन वाटा. जुनी : बंद डायजेस्टरमध्ये (जिवाणूंनी कुजवण्याच्या टाकीत) बायोगॅस काढून उरलेला द्रव प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) फवारायचा व कंपोस्ट करायचे. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आधी काढला नाही, तर बॉयलरच्या नळ्या गंजतात. कंपोस्टचे आवार पावसाळ्यात बंदच ठेवावे लागते, त्यामुळे सह्याद्रीलगतच्या भागात ही वाट अपुरी पडते. दुसरी, इथे जास्त भरवशाची : बाष्पीभवन करून घनपदार्थ ५५ ते ६० टक्क्यांवर आणायचे आणि बगॅससोबत (उसाच्या चिपाडासोबत) बॉयलरमध्ये जाळायचे. आसवनीची वाफ त्यातूनच मिळते. मात्र पालाशयुक्त (पोटॅश असलेली) राख चिकट असते. ती नळ्यांवर जमून उष्णता अडवते, म्हणून ती वाफेच्या झोताने झाडणारे सूट ब्लोअर नियमित चालवावे लागतात. खाली जमणारी ही राख पालाश खत म्हणून पुन्हा उसाला देता येते. खत म्हणून विकायची, तर तिच्यात किमान १४.५ टक्के पालाश लागते.