नागरी मूल्यशिक्षण : गोव्यातील प्राथमिक शाळा

पहिली ते चौथीच्या वर्गांत सार्वजनिक व्यवहाराचे नियम, समानतेची जाणीव आणि परस्पर आदर रुजवण्याच्या प्रयत्नांना एकत्रितपणे नागरी मूल्यशिक्षण म्हणतात. गोव्यातील प्राथमिक शाळांत हा वेगळ्या तासिकेचा विषय म्हणून क्वचितच दिसतो. परिपाठ, परिसर अभ्यास, भाषेचे पाठ, माध्यान्ह आहाराची पंगत आणि सणसमारंभ यांतून तो चालतो.

त्याचा गोव्यातील उगम कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे त्याचे मूळ पोर्तुगीज प्रजासत्ताकात आहे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमधील राजेशाही संपली. त्याच महिन्यात प्राथमिक शाळांतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे अध्यापन हुकमाने बंद झाले, आणि १९११ च्या शिक्षणसुधारणेत नैतिक व नागरी शिक्षणाला स्थान मिळाले. हा युक्तिवाद कागदोपत्री भक्कम असला, तरी मुख्यतः पोर्तुगालसाठी काढलेले हुकूम गोव्यातील वाड्यावरच्या शाळेपर्यंत पोचलेच असे गृहीत धरता येत नाही. शिवाय १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने आणि पुढे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ‘नागरिक’ या शब्दातील समानतेचा आशय पुन्हा आक्रसला. दुसरे मत खाजगी मराठी शाळांकडे बोट दाखवते. प्रजासत्ताकाने हिंदूंना समान हक्क दिल्यावर या शाळा वाढल्या हे खरे. फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चे आहे. परंतु पणजीची मुष्टिफंड संस्था (१९०९) राज्यक्रांतीच्या आधीची असून, घरोघरच्या मूठभर तांदळातून शाळा चालवण्याची कल्पना तिच्या नावातच आहे. शाळा ही गावाने मिळून सांभाळायची गोष्ट आहे, हा धडा येथे पुस्तकाशिवाय मिळत होता. तिसऱ्या मतानुसार १९ डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीपूर्वीचे काहीच या सदरात घेऊ नये, कारण प्रजेला नागरिकत्व मुक्तीनंतरच लाभले आणि पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्यावरच ते मुलांपर्यंत गेले. या तिन्हींत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र एका मर्यादेसह : त्या शाळांचा परीघ प्रामुख्याने हिंदू समाजाचा होता, त्यामुळे भिन्नधर्मीयांमधील आदराचे शालेय संस्कार तेथवर मागे नेता येत नाहीत.

परिपाठातील प्रतिज्ञा हा आज या शिक्षणाचा सर्वांत परिचित भाग होय. पैडिमरी वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली. तिच्या मराठी पाठात पालक, गुरुजन व वडीलधाऱ्यांसाठी ‘मान’ आणि इतर प्रत्येकासाठी ‘सौजन्य’ असे दोन शब्द आले आहेत. मान खालून वर जातो, तर सौजन्य सर्व दिशांना. परस्पर आदराचा विचार दुसऱ्या शब्दावर अधिक उभा आहे, पण शाळांत भर पहिल्यावर पडतो. गोव्यात याला भाषेचा पदर आहे. बोली कोंकणीत जवळच्या वडीलधाऱ्यांनाही ‘तूं’ म्हणण्याची रीत असल्याने, घरून तीच सवय घेऊन आलेले मूल मराठी वर्गात बाईंनाही ‘तू’ म्हणते. त्यात उद्धटपणा नसतो, हे गोमंतकीय शिक्षकाला सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र सांगावे लागते.

कायद्याच्या बाजूने पाहता संविधानाचा अनुच्छेद २८ पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करतो, तर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ५१क नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगतो. राष्ट्रगीत न गाणाऱ्या, परंतु ते चालू असताना आदराने उभ्या राहणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये अवैध ठरवले. मुलाच्या श्रद्धेचा आदर शाळेनेही राखायचा असतो, हे या निकालाने स्पष्ट झाले. शारीरिक शिक्षेच्या बाबतीत गोवा पुढे होता. शिक्षण हक्क कायदा (२००९) येण्यापूर्वीच २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळांतील मारझोडीवर बंदी घातली. याचे महत्त्व २०१४ नंतर वाढले, कारण शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या संस्थांना लागू होत नाही असा निर्णय त्या वर्षी झाला, आणि गोव्यात चर्चसंलग्न शाळांची संख्या मोठी आहे.

प्रत्यक्षात चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) आणि नाताळचा गोठा (येशुजन्माचा देखावा) यांची ओळख वर्गातच करून देण्याचा प्रघात अनेक शाळांत आहे. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मेरीमाता) या बहिणी मानल्या जातात, ही लोकश्रद्धा शिक्षकांना आयती हाताशी असते. अवघड भाग वेगळाच आहे. कर्नाटक व उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले सरकारी शाळांत लक्षणीय प्रमाणात असतात आणि ‘घाटी’ हा बाहेरून आलेल्यांसाठीचा हिणवणीचा शब्द मुले घराबाहेर सहज उचलतात. सणांच्या सामायिकतेवर बेतलेले उपक्रम या शब्दापाशी अपुरे पडतात. एकाच बाकावर बसणे आणि एका पंगतीत पाव-भाजी खाणे यांचाच तेथे काही उपयोग होतो.

शिक्षणाच्या माध्यमाच्या वादाचाही येथे संबंध येतो. १९९० च्या सुमारास सरकारी अनुदान मातृभाषेतील प्राथमिक शाळांपुरते ठेवण्यात आले आणि २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. त्यावरील चर्चा बहुतेक भाषेच्या अंगानेच झाली. एकाच गावातील मुले माध्यमानुसार, आणि पुष्कळदा त्याबरोबर समाजानुसारही, वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात, या बाजूकडे तिच्यात कमीच लक्ष दिले गेले.