पार्श्वभूमी : इंदुरात हॉटेलच्या एलिव्हेशनचा वाद आला कुठून

इंदूरच्या जुन्या भागात किंवा त्याच्या कडेला नवे हॉटेल येणार म्हटले की नकाशा पास होण्याआधीच दोन गोष्टींवर बोलणे सुरू होते. उंची किती, आणि एलिव्हेशन कसे. उंचीला नियम आहेत. एलिव्हेशनला, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या दर्शनी भागाला, म्हणण्यासारखा नियम नाही. तरीही वादाचा भर हळूहळू तिकडेच सरकला आहे आणि मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते: होळकरांच्या जुन्या राजवाड्याला शोभेल असे करा. ही मागणी परंपरेच्या नावाने केली जाते. प्रत्यक्षात ती फार जुनी नाही.

होळकरांनी स्वतः तसा आग्रह कधी धरलेला दिसत नाही. राजवाड्याचे काम १७४७ मध्ये सुरू झाले, १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने तो जाळला, नंतर पुन्हा उभा राहिला आणि १८३४ च्या आगीत त्याचा सर्वांत वरचा मजला गेला. पुढच्या शंभर वर्षांत संस्थानात ज्या मोठ्या इमारती झाल्या, त्यांत राजवाड्याचा मागमूस नाही. १९०४ चा किंग एडवर्ड हॉल, म्हणजे आजचा गांधी हॉल, घड्याळाचा मनोरा घेऊन मुंबईच्या सरकारी इमारतींच्या पंगतीत बसतो. १९२१ मध्ये पूर्ण झालेल्या लालबागेचे फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावरून बेतलेले. आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतली तेव्हा तर भिंतीवर एक महिरप ठेवली नाही. सपाट भिंती, धातूच्या चौकटी, आत पॅरिसहून आणलेले फर्निचर. त्या काळी कोणी समिती असती आणि तिने 'मराठा शैली'चा हट्ट धरला असता, तर माणिकबाग झालीच नसती. आज ही इमारत सरकारी कर-कार्यालय आहे आणि शहरातल्या किती लोकांनी ती बघितली असेल कोण जाणे.

नगररचनेचा विचार इंदूरला उशिरा सुचला असेही नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आले आणि १९१८ मध्ये त्यांनी दोन खंडांचा अहवाल दिला. शहर प्लेगने हैराण होते. दिवाळीला एक दिवसाचे 'महाराज' होऊन गेडेसनी मिरवणूक काढली, तीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि तो शेवटी जाळला, ही हकिकत नगररचनेच्या वर्गांत अजून सांगतात. मुद्दा असा की गेडेसच्या तपासणीत घराचा चेहरा नव्हताच. सांडपाणी कुठे जाते, नदी कशी वाहते, रस्ता सरळ करण्यासाठी किती घरे पाडावी लागतील आणि त्याऐवजी दोन-चार पडकी घरे काढून मोहल्ल्यात मोकळी जागा करता येईल का, हे त्यांचे प्रश्न होते. नंतरची यंत्रणाही प्रामुख्याने रस्ता आणि जमिनीचा वापर यांभोवतीच वाढली. मध्य प्रदेशाचा १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, म्हणजे नगररचनेचा कायदा, आला, त्याखाली विकास आराखडे आले, बांधकाम परवानगीसाठी १९८४ चे भूमी विकास नियम आले.

खरे वळण १९८४ च्या नोव्हेंबरचे. पंतप्रधानांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत राजवाड्याला आग लावली गेली. समोरचा सात मजली भाग, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, वाचला. मागचा चौक आणि दालने गेली. पुढची वीस-बावीस वर्षे त्या जागी बाग होती: कारंजी, कृत्रिम धबधबा, मांडून ठेवलेली जुनी शिल्पे. त्या काळात लहान असलेल्या इंदूरकरांना राजवाडा म्हणजे एक दर्शनी भिंत आणि तिच्यामागे हिरवळ, असाच आठवतो.

मग ठरले की जळालेला भाग पुन्हा बांधायचा. पुढाकार होळकर घराण्याकडून आला, काम २००७ मध्ये पूर्ण झाले. चुना, वीट, दगड, लाकूड. सिमेंट-काँक्रीट टाळून, जुन्या पद्धतीने, जसे होते तसे. या निर्णयाबद्दल शहरात अभिमान आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण जतनाच्या क्षेत्रात असा निर्णय सरळ मानला जात नाही. १९६४ ची व्हेनिसची सनद सांगते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे, आणि जे नवे घालावे लागेल ते नवे म्हणून ओळखू आले पाहिजे. त्या मापाने गेलेला भाग हुबेहूब उभारणे म्हणजे इतिहासाचे एक पान, इथे दंगलीचे पान, झाकणे. याच्या उलट बाजूही भक्कम आहे. १९९४ मध्ये जपानच्या नारा शहरात तज्ज्ञ जमले तेव्हा त्यांनी मान्य केले की अस्सलपणा फक्त मूळ दगड-लाकडात मोजता येत नाही. कारागिरी आणि परंपरा हाही त्याचा भाग आहे. लाकडाच्या देवळांचे भाग पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेल्या देशात हे सुचणे साहजिक होते. आणि १८०१ नंतर पुन्हा बांधलेल्या राजवाड्याला 'मूळ' तरी कोणते म्हणायचे? आपल्याकडच्या देवळांना आणि वाड्यांना जीर्णोद्धार नवा नाही.

माझे मत विचाराल तर बांधण्याचा निर्णय योग्य होता. गोंधळ झाला तो त्यातून पुढे काय घेतले गेले त्यात. त्या कामाची खरी शिकवण चुना मळण्याच्या घाण्यात, लाकडाच्या सांध्यात आणि कारागिरांच्या हातात होती. शहराने घेतला तो आकार. अमुक कमान, तमुक कंगोरा, सज्जाखालचे ब्रॅकेट. हाच आकार आता काँक्रीटच्या चौकटीवर जीआरसीचे, म्हणजे काचतंतू घातलेल्या काँक्रीटचे, साचे बसवून दाखवता येतो. मागे लिफ्ट, सेंट्रल एसी आणि बँक्वेट हॉल, पुढे सहा इंचांचा झरोका. असे एलिव्हेशन 'परिसराला साजेसे' म्हणून खपून जाते आणि साध्या, प्रमाणबद्ध, नव्या इमारतीला 'काचेचा डबा' म्हणून नाके मुरडली जातात. काही काचेचे डबे त्या लायकीचे असतातही, हे मान्य.

नियमांची बाजू बघितली तर हा वाद कुठे मांडायचा हेच मुळात ठरलेले नाही. २०१२ च्या भूमी विकास नियमांत हॉटेलच्या अर्जाला सामोरे जावे लागते ते एफएआर, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येते ते प्रमाण, एमओएस, म्हणजे भोवती सोडायची मोकळी जागा, पार्किंग आणि आगीपासूनची सुरक्षा यांना. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर आणि त्यावरची इमारत 'उंच' धरली जाते आणि मग अग्निशमनाच्या अटी कडक होतात. नकाशे आता संगणकावर तपासले जातात. सॉफ्टवेअर रेषा मोजते, अंतरे जुळवते. खिडकी सुंदर आहे की ओंगळ, हे त्याला विचारलेलेच नसते. दिल्लीत १९७३ च्या कायद्याने नगर-कला आयोग आला, मुंबईत १९९५ पासून वारशाची श्रेणीवार नियमावली आहे. इंदुरात एका हॉटेलच्या दर्शनी भागावर सामान्य नागरिकाला बोलायचे असेल, तर त्याला संधी मिळते ती बहुधा जमिनीचा वापर बदलण्याच्या वेळी, नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाच्या कलम २३-क खाली हरकती मागवतात तेव्हा. म्हणजे विषय निवासी जमीन व्यावसायिक करण्याचा, आणि भाषण कमानीवर. सुनावणी घेणाऱ्याने ते ऐकून घेतले तरी त्याच्या हातात त्यासाठी कलम नसते.

यात आणखी एक गल्लत हमखास होते. '१०० मीटरच्या आत बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते' हे वाक्य राजवाड्याच्या संदर्भात सर्रास फेकले जाते. ती तरतूद प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली आणि ती केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांसाठी आहे. राजवाडा राज्याच्या यादीत आहे आणि राज्याचा कायदा १९६४ चा, वेगळा. अर्जदार आणि विरोधक दोघेही सोयीप्रमाणे कधी हा कायदा धरतात, कधी तो.

गेल्या दशकातल्या घटनांनी चर्चेची दिशा दोनदा बदलली. ३१ मार्च २०१८ च्या रात्री सरवटे बसस्थानकाजवळ जुन्या हॉटेलची चार मजली इमारत कोसळली, दहा जण गेले. काही महिने कोणी कमानींबद्दल बोलत नव्हते. कॉलम, परवानगीविना चढवलेले मजले आणि जुन्या लॉजांची तपासणी, एवढेच विषय होते. तेच खरे तर आधी विचारायचे प्रश्न. मग जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवसाचे संमेलन इथे झाले. खोल्यांचा तुटवडा जाणवला आणि कितीतरी पाहुण्यांची सोय इंदूरकरांच्या घरी करण्यात आली. शहराला हॉटेले हवीत हे तेव्हापासून कोणाला पटवावे लागत नाही.

दरम्यान स्मार्ट सिटीच्या कामांत जुन्या पेठांतले रस्ते रुंद झाले. त्यासाठी कितीतरी घरांचे दर्शनी भाग, लाकडी खांब आणि ओटले यांसकट, कापले गेले. उरलेल्या घरांनी समोर एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवलेले तक्ते, लावून घेतली. याला कोणी एलिव्हेशनचा प्रश्न म्हटले नाही, कारण ते रस्त्याचे काम होते. हॉटेल मात्र एकटे उभे राहते, मालक ठाऊक असतो, म्हणून राग तिथे निघतो.

शहराचा विकास आराखडा २००८ च्या जानेवारीपासून लागू झाला, २०२१ सालासाठी. ते साल उलटले तरी कारभार त्याच्यावरच चालत राहिला. त्यामुळे जुन्या भागातल्या हॉटेलचा अर्ज आजही जातो तो जमिनीचा वापर, रस्त्याची रुंदी, एफएआर आणि एमओएस या चार रकान्यांतून. दर्शनी भागाचे चित्र अर्जासोबत जोडलेले असते. त्यावर शेरा मारण्यासाठी मात्र रकाना नाही.