मुरगावच्या समुद्रातला हिरवा खिळा

बायण्याच्या बाजूला रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) कधीमधी मासळीबरोबर जुन्या जहाजाचा वीतभर लांबीचा, तांबं असलेल्या धातूचा हिरवट खिळा येतो. तो घरी आणून वर्तमानपत्रावर ठेवला की शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निकाल ठरलेला: "पोर्तुगीज. चारशे वर्षं तरी झाली असतील." बहुतेक वेळा तो एवढा जुना नसतो.

खिळ्याची गोष्ट सुरू होते किड्यापासून. समुद्रातला किडा लाकडी जहाजाचं बूड चाळणीसारखं पोखरून टाकतो. आपल्याकडे त्यावर राळ, तेल आणि चुन्याचा लेप देत. पोर्तुगीज जहाजांत फळ्यांच्या सांध्यात शिशाची पट्टी ठोकलेली सापडते. हिंदुस्थानातून परतताना 1606 मध्ये लिस्बनजवळ बुडालेल्या जहाजात ती मिळाली. तांबं फार पुढचं. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारून पाहिले. किडा थांबला खरा, पण पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे झपाट्याने गंजून गेले. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना भिडले की लोखंडच आधी जातं. त्यामुळे 1783 च्या सुमारास कठीण केलेल्या तांब्याचे बोल्ट आले. मग 1832 मध्ये जॉर्ज मुंट्झने साधारण 60 टक्के तांबं आणि 40 टक्के जस्त अशा मिश्रधातूचं पेटंट घेतलं. हा धातू तांब्यापेक्षा स्वस्त होता आणि तापवून लाटताही येई. बुडाचा पत्रा त्या मिश्रणाचा निघाला, तर तो 1832 च्या आधीचा नाही.

हे ओळखायला घरी कानस लावू नये. जुने ओतीव कांस्याचे खिळेही घासल्यावर पिवळेच दिसतात, आणि हिरवा थर गेला की गेला. मिश्रण प्रयोगशाळेतच तपासावं.

लोखंडाचा प्रकार वेगळा. त्यावर चुनखडी, वाळू, शिंपले यांचं जाड कवच चढतं, आणि कधी आतलं लोखंड विरघळून नुसता साचा उरतो. क्ष-किरणाने तो दिसतो. त्यात कृत्रिम राळ ओतली की हरवलेली वस्तू पुन्हा हातात येते.

नांगराला शॅकल (खिळ्याने बंद होणारी यू-आकाराची कडी) आणि साखळी असेल तर काळ बराच अलीकडे येतो. सॅम्युअल ब्राऊनचं साखळीचं पेटंट 1808 चं, आणि कडीत आडवी पट्टी असलेली साखळी 1813 ची. त्याआधी मोठ्या कड्याला जाड दोरखंड बांधत. त्याहून जुने दगडी नांगर विजयदुर्ग, सिंधुदुर्गच्या पाण्यात मिळालेत. मात्र जुना नांगर नव्या गलबतावर सर्रास चढे, म्हणून एकट्या नांगरावर विसंबून जहाजाचं वय ठरत नाही.

दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याजवळच्या सुंची रीफवरचं (समुद्रातल्या खडकांवरचं) बुडालेलं जहाज सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं ठरवलं, तेव्हा तोफा आणि लोखंडी नांगराच्या जोडीला हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि मर्तबान (मोठ्या, चकचकीत थराच्या मातीच्या) बरण्या होत्या. हा सगळा माल एकत्र बोलला. खिळा रापणीतून वर आला की शेजारी काय पडलं होतं, हे कळायची सोयच राहत नाही.

वस्तूवर छापलेलं वर्षही फसवू शकतं. गोव्याजवळच्याच सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कारखान्यातल्या कौलांवर '1865' छापलेलं आढळलं. पण तो आकडा कौल भाजल्याचं वर्ष नव्हे, मंगळुरूचा कारखाना सुरू झाल्याचं. तोच शिक्का कारखान्याने पुढे कित्येक वर्षं मारला.