रस्त्याचं बिल आणि उसाची ट्रॉली

मार्चमधली दुपार. कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, गगनबावडा रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत होतो. उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं ऐकू येतं, तसं आलं. मागं दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबकळणारा. ट्रॅक्टर गेल्यावर सहज रस्त्याकडं बघितलं. चाकं जिथून जातात तिथं डांबर दबून दोन लांब पन्हळी पडल्या होत्या, चांगल्या बोटभर खोल. कडेला दाबलेलं डांबर फुगवट्यासारखं वर आलं होतं.

डांबर आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते खरं तर अतिशय दाट द्रव आहे. उन्हात ते सैल पडतं आणि त्यावर ओझं जितका वेळ राहील तितकं ते सरकतं. तासाला 15 किलोमीटरनं जाणारं चाक एका जागेवर 60 च्या वेगानं जाणाऱ्या चाकापेक्षा चौपट वेळ दाबून असतं. म्हणजे हळू चाललेला जड ट्रॅक्टर आणि मार्चचं ऊन ही रस्त्याच्या दृष्टीनं फार वाईट जोडी. हंगाम संपतो, पन्हळी राहतात आणि जूनचं पहिलं पाणी नेमकं त्यांच्यातच साचतं.

पुढचं काम पाऊस करतो. वारंवार वाकून वाकून डांबराला बारीक भेगा पडतात आणि त्यांची जाळी मगरीच्या पाठीसारखी दिसू लागते. पाणी त्यातून खाली मुरूम-खडीच्या थरात उतरतं. वरून चाक गेलं की ते पाणी पिचकारीसारखं उसळतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. पावसाळ्यात भेगांभोवती मातकट डाग दिसला, तर समजा खालून रस्ता पोकळ व्हायला लागलाय. पूर्वेकडं हातकणंगले-शिरोळच्या काळ्या मातीत तर जमीनच पावसात फुगते आणि उन्हात आकसते. मग एक खडी सुटते, तिच्या शेजारची सुटते, आणि आठवड्यात घमेलंभर खड्डा. आपण म्हणतो, पावसानं रस्ता खाल्ला. पावसाला ताट वाढून कुणी दिलं, ते आपण विचारत नाही.

वजनानं रस्ता किती झिजतो, ते अमेरिकेनं 1958 ते 1960 या काळात मोजून बघितलं. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ चाचणीसाठी वेगळे रस्ते बांधले आणि सैनिकांना ट्रक घेऊन त्यावर दोन वर्षं नुसत्या फेऱ्या मारायला लावल्या, भरलेले आस सुमारे 11 लाख वेळा जाईपर्यंत. आस म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा, मेकॅनिकचा एक्सल. त्यातून जो नियम निघाला तो इंजिनिअर अजून वापरतात: रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढतं, म्हणजे वजन दुप्पट तर नुकसान सोळापट. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घात थोडा कमीजास्त होतो, पण अंदाज बांधायला चार पुरे.

आता हिशेब करू. मध्यम मोटारीच्या एका आसावर साधारण 600 किलो येतात. भरलेल्या ट्रकच्या मागच्या आसावर 10.2 टन, म्हणजे 17 पट. 17 चा चौथा घात 83,521. तुमच्या मोटारीचा आस 83 हजार वेळा जाईल तेव्हा ट्रकच्या एका आसाइतकी झीज होईल. दुचाकीचा हिशेब मी केला आणि सोडून दिला, आकडा कोटीत जातो. उलट, ट्रॉली ठरल्यापेक्षा 20 टक्के जास्त भरली की झीज दुप्पट होते. चार टायर असलेल्या आसाची ही 10.2 टनांची कायदेशीर मर्यादा 2018 साली केंद्रानं 11.5 टन केली. वजन वाढलं 13 टक्के, झीज सुमारे 60 टक्के.

मग पैसे कोण देतो? कोल्हापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांसाठी टोल लागला तेव्हा ‘टोल देणार नाही’ म्हणत अख्खं गाव उठलं, 2014 च्या जानेवारीत नाके पेटले, आणि पुढं राज्य सरकारला पैसे मोजून तो करार संपवावा लागला. राग योग्यच होता, असं मला आजही वाटतं. पण टोल गेला म्हणून बिल गेलं नाही. ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून भरलं गेलं.

पेट्रोलवर कर लावून रस्ते करायची कल्पना आपल्याकडं एका मराठी बॅरिस्टरच्या समितीनं मांडली. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली समिती बसली, तिनं गॅलनला दोन आणे जादा कर सुचवला आणि 1929 साली केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. युक्ती साधी होती. जो जास्त फिरेल तो जास्त जाळेल आणि जास्त भरेल. फक्त चौथा घात तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. मोटार लिटरला 16 किलोमीटर जाते, भरलेला ट्रक 4. म्हणजे किलोमीटरमागं ट्रक चौपट इंधन जाळतो आणि नुकसान मात्र हजारो पटींनी करतो. त्यात हा इंधनावरचा पैसा केंद्रात आणि राज्यात जातो. गल्लीतला खड्डा बुजवणारी महापालिका घरफाळा आणि अनुदानाकडं बघत बसते.

आता हिरव्या पाटीच्या विजेच्या गाड्या आल्या. त्या पेट्रोल भरत नाहीत, आणि महाराष्ट्राच्या 2021 च्या धोरणानं त्यांना वाहनकरही माफ केला. बॅटरीमुळं वजन 15 टक्के वाढलं तर झीज पावणेदोनपट होते, पण नगण्याची पावणेदोनपट नगण्यच. मोटारीचा खरा खर्च वजनात नाही, जागेत आहे. ती रुंदी मागते. सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्या महाद्वार रोडच्या आसपास जागा शोधत फिरतात तेव्हा ते कळतं. रुंदी दुप्पट केली की डांबरही दुप्पट लागतं, मग गाडी विजेची असो की पेट्रोलची.

न्यूझीलंडनं वाट काढली आहे. तिथं डिझेल गाड्यांना 1970 च्या दशकापासून किलोमीटर आणि वजन बघून कर लागतो. 1 एप्रिल 2024 पासून विजेच्या मोटारीही त्यात आल्या, 1000 किलोमीटरला 76 डॉलर. आपल्याकडं हे जमेल का, असं कुणी विचारलं तर मी साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडं बोट दाखवीन. प्रत्येक ट्रॉलीचं वजन तिथं होतंच आणि वाहतुकीचं बिल टनावर अन् अंतरावरच निघतं. कराला लागणारे दोन्ही आकडे आधीच कागदावर आहेत. शिवाय कमी ऊस भरा असं सांगायचीही गरज नाही. तेच वजन एकाऐवजी दोन आसांवर वाटलं तर एकूण झीज आठव्या हिश्श्यावर येते.

हे त्या टपरीवर एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, “आज शेतकरी म्हणतोय काटा कमी दावतोय. तुमचा कर आला की आमी म्हणणार जास्त दावतोय.”