आदिवासी पाड्यांवर जनुकीय अभ्यास करायचाय? एथिक्स कमिटीकडून अर्ज परत का येतो

जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) आनुवंशिक कमतरता असलेल्या माणसाला हिवतापासाठी प्रायमाक्विन दिलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ही कमतरता कोणत्या समाजात किती आहे, हे त्या समाजाचे नमुने घेतल्याशिवाय कळणार कसं? पण नमुने शहरातल्या रुग्णालयात सहज मिळतात, म्हणून तिथलेच घेतले जातात. ज्यांना गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात जाऊन हे काम करायचंय, त्यांचे अर्ज अडतात ते बहुधा कागदांवर.

अर्ज करते ती संस्था, आणि तिची नैतिकता समिती, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासून मंजूर करणारी एथिक्स कमिटी, केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करता येतो. संशोधन आराखडा, अंदाजपत्रक, संशोधकांची संक्षिप्त माहिती आणि शक्यतो पाच वर्षांच्या आतलं जीसीपी (माणसांवरचं संशोधन नीट करण्याचे नियम) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हे नेहमीचे कागद; यात फारसं कुणी अडखळत नाही. परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, तिचा वेळ आधीच धरा.

खरी अडचण परवानगीची. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आदिवासी भागात शिरण्याआधी आदिवासी विकास आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता हवी. अनेक जण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचं पत्र जोडतात. ते पुरत नाही. नंतर ग्रामपंचायत किंवा गावप्रमुख. इथे दुसरी चूक होते: गावप्रमुखाने हो म्हटलं म्हणजे गावाची संमती मिळाली, असं धरलं जातं. त्याची परवानगी फक्त वेशीच्या आत येण्यापुरती असते. सुई टोचायची तर ज्याच्या हाताला टोचणार त्याचीच संमती लागते.

अंगठा घेणार असाल तर निःपक्षपाती, वाचता येणारा साक्षीदार हवा, आणि तो संमतीच्या सगळ्या बोलण्यात हजर हवा. संध्याकाळी एकगठ्ठा सह्या चालत नाहीत. तुमच्या प्रकल्पातून मानधन घेणारी आशाताई साक्षीदार म्हणून टिकणार नाही. शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका चालतील, पण त्यांनाही तुम्ही पैसे देत नसाल तरच.

मराठी माहितीपत्रक माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्यासाठी पुरेसं नाही. बोलीतला मजकूर देवनागरीत लिहून घ्या आणि भाषांतर करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून त्याचं उलट, म्हणजे पुन्हा मराठीत, भाषांतर करून जोडा. ‘जनुकीय अनुक्रमण’ असा शब्द तसाच ठेवलेला असेल तर अर्ज परत येणारच, आणि तो यायलाच हवा. ‘पाच मिली’ऐवजी ‘चहाचा एक चमचा रक्त’ लिहा. नमुना पुढच्या अभ्यासासाठी साठवणार का, निकाल घरी कळवणार का, माघार घेता येईल का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत; सगळ्यांसाठी खुणेची एकच चौकट ठेवू नका. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असल्याचं गावभर झालं तर मुलीचं लग्न अडतं, म्हणून गुप्ततेचा परिच्छेद नुसता नकलून चालत नाही.

मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच. शिवाय 7 ते 12 वयाला तोंडी आणि 12 च्या पुढे 18 पर्यंत लेखी होकार मुलाकडूनही घ्यावा लागतो. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या विशेष असुरक्षित जमातींतली मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना शक्यतो वगळायचं असतं. घेणार असाल तर कारण लिहा.

एक कागद मात्र कुणीही मागितलेला नसतो: सहभागीचं जातवैधता प्रमाणपत्र. संशोधकच ते पात्रतेत घालतात आणि ज्यांच्यासाठी अभ्यास आहे तेच बाहेर राहतात. तो नोकरी-प्रवेशाचा कागद आहे. जमात विचारा, आजी-आजोबांचीही विचारा, आणि सांगतील ते लिहून घ्या.

तारखांचा घोळ दोन ठिकाणी होतो. औषधचाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी पूर्ण हवी. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंद होत नाही. आणि मंजुरीपत्रावर ‘तीन वर्षे’ लिहिलेलं असलं तरी समितीकडून वर्षातून एकदा तरी आढावा व्हावाच लागतो. तो अहवाल संशोधकाने स्वतःहून द्यायचा. कार्यालयातून आठवण येईल या भरवशावर राहू नका.